गाणे हे काम, गायक हा कामगार

अमेरिकन संगीताचा विषय निघाला की आपल्या नजरेसमोर प्रथम येतात त्या लाखो तबकड्या खपविणाऱ्या मक्तेदार कंपन्या, त्यांनी घडविलेले तारे आणि त्या ताऱ्यांच्या संपत्तीचे आकडे. परंतु त्याच देशात संगीताचे दुसरेही एक जग आहे. एक गिटार आणि एक पिशवी घेऊन गावोगाव हिंडावे, कधी एखाद्या कॉफीगृहात, कधी चर्चच्या तळघरात, कधी कामगार संघटनेच्या सभागृहात पन्नास-शंभर माणसांसमोर गावे, रात्री कोणाच्या तरी घरी मुक्काम करावा आणि सकाळी पुढच्या गावाची वाट धरावी, असे आयुष्य काढणाऱ्या गायकांचे ते जग आहे. युटा फिलिप्स हे त्या जगातील एक फार मोठे नाव. २३ मे २००८ रोजी कॅलिफोर्नियातील नेवाडा सिटी या लहानशा शहरात, वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

अशा कलावंताविषयी पुरोगामी पत्रांतून लिहिले जाते ते बहुधा गौरवपर असते. ‘लोकांचा गायक’ असे म्हटले की आपले कर्तव्य संपले असे आपण मानतो. फिलिप्स यांच्या जीवनक्रमाकडे मात्र वेगळ्या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. गायक पोट कसे भरतो, त्याला काम कोण देतो, आजारपणात आणि म्हातारपणी त्याचे काय होते, हे प्रश्न आपण गिरणी कामगाराविषयी विचारतो. गायकाविषयी ते का विचारू नयेत?

ब्रूस डंकन फिलिप्स यांचा जन्म १५ मे १९३५ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड या औद्योगिक शहरात झाला. घरात कामगार चळवळीचे वातावरण होते. त्यांचे सावत्र वडील नाट्यगृहांच्या व्यवस्थापनात होते, त्यामुळे गाणे, नकला आणि विनोद यांची सरमिसळ असलेल्या व्होडव्हिल रंगभूमीची अखेरची वर्षे त्यांनी लहानपणी जवळून पाहिली. पुढे कुटुंब युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे स्थायिक झाले. याच शहरात १९ नोव्हेंबर १९१५ रोजी जो हिल या कामगार कवीला गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला होता. तरुणपणी फिलिप्स अमेरिकन सैन्यातून कोरियात गेले. युद्ध थांबले होते, पण युद्धाने उद्ध्वस्त केलेला देश आणि अन्नाला मोताद झालेली माणसे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. परत आलेला हा तरुण दारूच्या आहारी गेला आणि मालगाड्यांतून चोरून प्रवास करीत देशभर भटकला.

या भटकंतीतून त्यांना बाहेर काढले ते अ‍ॅमन हेनेसी या वृद्ध शांततावाद्याने. कॅथॉलिक वर्कर चळवळीतील हेनेसी यांनी सॉल्ट लेक सिटीत बेघर आणि भटक्या कामगारांसाठी एक आश्रयगृह चालविले होते. त्याला त्यांनी जो हिलचेच नाव दिले होते. फिलिप्स तेथे अनेक वर्षे राबले. शस्त्र न उचलण्याचा निश्चय आणि सत्तेविषयीचा ठाम अविश्वास हे दोन्ही त्यांनी तेथूनच घेतले.

१९६८ साली, व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना, फिलिप्स हे पीस अँड फ्रीडम पक्षाच्या वतीने युटामधून सिनेटच्या निवडणुकीस उभे राहिले. मते मिळाली २,०१९. तोपर्यंत ते राज्याच्या अभिलेखागारात नोकरीस होते. निवडणूक संपली आणि ती नोकरीही संपली. त्यानंतर युटामध्ये आपल्याला कोठेही काम मिळेना, असे ते सांगत. तिशी ओलांडलेल्या या माणसापाशी तेव्हा भांडवल म्हणून होती ती स्वतः रचलेली गाणी. राज्य सोडून ते पूर्वेकडे गेले. न्यूयॉर्क राज्यातील सॅराटोगा स्प्रिंग्ज येथील कॅफे लीना या लहानशा कॉफीगृहाने त्यांना आसरा दिला, आणि तेथून त्यांचा फिरत्या गायकाचा जीवनक्रम सुरू झाला. तो पुढे सुमारे पाव शतक अखंड चालला.

आपल्या या कामाला फिलिप्स ‘ट्रेड’ म्हणत. हा शब्द मराठीत आणताना अनुवादकाची अडचण होते. ‘धंदा’ म्हणावे तर नफ्याचा वास येतो. ‘पेशा’ म्हणावे तर तो वकील-डॉक्टरांचा वाटतो. ‘कसब’ म्हणावे तर पोटापाण्याचा भाग निसटतो. गंमत अशी की ‘ट्रेड युनियन’ या आपल्या रोजच्या वापरातील शब्दात तोच ‘ट्रेड’ बसलेला आहे. सुताराचे, गवंड्याचे, छपाई कामगाराचे हातचे काम, जे शिकावे लागते, ज्यावर घर चालते आणि ज्याच्या रक्षणासाठी संघटना करावी लागते, ते म्हणजे ट्रेड. गाण्याला हा शब्द लावून फिलिप्स यांनी कलावंताभोवतीचे तेजोवलय काढून टाकले आणि त्याला कामगारांच्या रांगेत उभे केले.

या ट्रेडचे अर्थशास्त्र साधे होते. दारावर जमलेल्या तिकिटांतील वाटा, कार्यक्रमानंतर विकल्या जाणाऱ्या तबकड्या आणि मित्रांच्या घरचे जेवण-मुक्काम. त्यांच्या तबकड्या व्हर्मांटमधील फायलो या छोट्या कंपनीने काढल्या. १९७३ मधील त्यांच्या तबकडीवरील सर्वांत लोकप्रिय तुकडा गाणे नसून गोष्ट आहे. रेल्वेचे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत जो जेवणाला नावे ठेवील त्याच्यावरच स्वयंपाकाची पाळी यावी, या नियमावर ती रचलेली आहे. ती ऐकून सभागृह हसते, पण हसता हसता रूळ दुरुस्त करणारी माणसे श्रोत्यांच्या ओळखीची होऊन जातात. जोन बाएझ आणि एमिलू हॅरिस यांच्यासारख्या प्रसिद्ध गायिकांनी त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. फिलिप्स स्वतः मात्र लहान सभागृहांतच राहिले.

फिलिप्स काय गात होते हे पाहिले म्हणजे या कामाचे राजकीय मोल कळते. १९०५ साली शिकागो येथे स्थापन झालेल्या इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड या संघटनेचे ते सभासद होते. वर्ण, देश आणि कसब यांचा भेद न मानता सर्व कामगारांची एकच संघटना उभारण्याचा तो प्रयत्न होता. लाकूडतोडे, खाणकामगार, शेतमजूर अशा आज येथे तर उद्या तेथे राबणाऱ्यांना या संघटनेने गाण्यांतून एकत्र केले. रस्त्यावरील तिचे वक्ते बोलू लागले की धर्मप्रचारकांचे बँड वाजवून त्यांचा आवाज बुडविला जाई. तेव्हा वक्त्यांनी त्याच भजनांच्या चाली उचलल्या आणि त्यांत कामगारांचे शब्द भरले. १९०९ साली निघालेली तिची छोटी लाल गीतपुस्तिका खिशात मावेल एवढीच होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारने या संघटनेवर देशभर धाडी घातल्या आणि १९१८ मध्ये शिकागोच्या खटल्यात शंभराच्या आसपास पुढाऱ्यांना दोषी ठरविले. शाळेच्या पुस्तकांतून हा इतिहास जवळजवळ पुसला गेला. फिलिप्स यांनी जिवंत राहिलेल्या म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना गाठले, त्यांच्याकडून गाणी आणि हकिकती गोळा केल्या आणि त्या गावोगाव पोहोचविल्या. १९८३ साली त्यांनी या संघटनेच्या गीतांची आणि कथांची एक संपूर्ण तबकडी काढली. इतिहासकाराचे काम एका गिटारवाल्याने केले, आणि तेही अनुदानावाचून.

येथे आपले आणि त्यांचे मतभेद स्पष्ट सांगितले पाहिजेत. फिलिप्स अराज्यवादी होते. पक्ष, राज्यसत्ता आणि निवडणूक यांवर त्यांचा भरवसा नव्हता. ते ज्या संघटनेचे वारसदार होते तिनेही राजकीय सत्तेचा प्रश्न बाजूला ठेवला होता. तिचे अनेक थोर कार्यकर्ते तेथेच थांबले नाहीत. बिल हेवूड १९२१ मध्ये सोव्हिएत रशियात गेले; त्यांच्या अस्थींचा एक भाग क्रेमलिनच्या भिंतीत आहे, तर दुसरा शिकागोत मे दिनाच्या हुतात्म्यांजवळ. जिच्यासाठी जो हिलने गीत रचले ती एलिझाबेथ गर्ली फ्लिन पुढे अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाची अध्यक्षा झाली. लढाऊ वृत्तीला पक्षाची आणि सिद्धांताची जोड लागते, हा त्यांच्या अनुभवाचा निष्कर्ष होता. फिलिप्स यांनी तो मानला नाही. परंतु मतभेद आहे म्हणून त्यांनी जपलेला ठेवा परका ठरत नाही. हेवूड आणि फ्लिन यांची तरुणपणीची गाणी अमेरिकेतील तरुण श्रोत्यांपर्यंत नेणाऱ्यांत हा अराज्यवादी गायक आघाडीवर होता, ही गोष्ट आपण मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

आता त्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १९९० नंतरच्या दशकात, साठीच्या आसपास, फिलिप्स यांचे हृदय साथ देईना. सततची भ्रमंती बंद करावी लागली. हातावर पोट असलेल्या माणसाचे पाय थांबले की मिळकत थांबते. अमेरिकेत नोकरदार माणसाचा आरोग्यविमा बहुधा मालकामार्फत चालतो, आणि सरकारी विम्याचा आधार सर्वसाधारणपणे ६५ व्या वर्षी मिळतो. ज्याला मालकच नाही त्याने मधल्या काळात काय करावे? तरुण गायिका अ‍ॅनी डिफ्रँको हिने आपल्या स्वतंत्र कंपनीतर्फे १९९६ आणि १९९९ मध्ये त्यांच्यासह दोन तबकड्या काढल्या आणि एका नव्या पिढीला त्यांची ओळख करून दिली. फिलिप्स यांनी रेडिओवर कार्यक्रम केला, आपल्या गावात बेघरांसाठी निवारा उभारण्यास हातभार लावला. अखेरच्या आजारात सहकारी गायकांनी त्यांच्या मदतीसाठी जलसे केले. कामाने पिळून काढलेल्या आणि मग टाकून दिलेल्या वृद्ध कामगाराचे गीत ज्याने कधीकाळी रचले होते, त्याच्यावरच ही वेळ आली.

मित्रांचे हे प्रेम हृद्य आहे, पण ते संघटनेची जागा घेऊ शकत नाही. ज्याला मित्र कमी त्याने मरावे काय? या ठिकाणी फिलिप्स यांच्याच समव्यावसायिकांनी केलेली एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अमेरिकेतील वादक-गायकांच्या महासंघाच्या शाखा शहरावार असतात, त्यामुळे आज या गावी, उद्या त्या गावी गाणारा माणूस कोणत्याच शाखेत नीट बसत नसे. १९९३ साली फिरत्या लोकगायकांनी याच महासंघात गावाला न बांधलेली स्वतःची शाखा मिळविली. तिचा क्रमांक १०००. कार्यक्रमाचा लेखी करार करावा आणि आयोजकाने त्यातून निवृत्तिवेतन निधीत भर घालावी, अशी तिची पद्धत आहे. ज्या कामगारांना एक कारखाना नाही, एक मालक नाही, त्यांचीही संघटना होऊ शकते, हे या शाखेने दाखविले. बांधकाम मजूर, घरकामगार, दारोदार माल पोहोचविणारे तरुण यांच्यात काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना यात शिकण्यासारखे बरेच आहे.

फिलिप्स यांनी आयुष्यभर दोन गोष्टी सिद्ध केल्या. कंपनीच्या दारी न जाता गायक जगू शकतो, आणि वर्गाची स्मृती एका आवाजाच्या बळावरही टिकू शकते. तिसरी गोष्ट त्यांच्या अखेरच्या वर्षांनी सिद्ध केली, ती म्हणजे एकट्याचे स्वातंत्र्य पाय चालतात तोवरच टिकते. सभेची सुरुवात गाण्याने करणाऱ्या प्रत्येक चळवळीने हे लक्षात ठेवावे. गाणाऱ्याला टाळ्या देणे सोपे आहे. त्याचे प्रवासभाडे, त्याचे मानधन आणि त्याच्या म्हातारपणाची तजवीज हा आपल्या संघटनात्मक कामाचाच भाग आहे, असे मानून तसे वागणे अधिक कठीण आहे. आणि त्याला ‘कॉम्रेड’ म्हणण्याचा अर्थही तोच आहे.