गिरवलेली रेषा खोटी नसते

१/१५
आजचा धागा एका बदनाम तंत्राविषयी आहे: रोटोस्कोपिंग. आधी माणसांवर चित्रीकरण करायचे आणि मग त्यातील एकेक चौकट हाताने गिरवून तिचे ॲनिमेशन करायचे, ही ती पद्धत. १९७० आणि १९८०च्या दशकांत अमेरिकेत प्रौढांसाठी जे अद्भुतरम्य ॲनिमेशनपट निघाले, त्यांतील अनेकांचा कणा हेच तंत्र होते. त्यांच्यावरचा सर्वांत जुना आरोपही त्यातूनच आला: 'हे तर नुसते गिरवणे!'

२/१५
एका चर्चासत्रात मी या विषयावर टिपण वाचले, तेव्हा पहिला आक्षेप हाच आला. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते राहिलेले उत्तर आज देते आहे. माझे मत आरंभीच नोंदवते. गिरवण्यात कमीपणा नाही. काय गिरवले, काय गाळले आणि कोणाचा देह त्यासाठी वापरला, हे प्रश्न न विचारण्यात मात्र आहे.

३/१५
प्रथम तंत्र समजून घेऊ. न्यूयॉर्कच्या मॅक्स फ्लायशर यांना १९१७ मध्ये रोटोस्कोपचे पेटंट मिळाले. रचना साधी: चित्रफितीची एक चौकट प्रक्षेपकातून धूसर काचेवर मागून पाडायची, काचेवर कागद ठेवून आकृती गिरवायची, फीत एक चौकट पुढे सरकवायची, पुन्हा गिरवायचे. पहिल्या प्रयोगात विदूषकाचा वेष घालून नाचला तो मॅक्स यांचा धाकटा भाऊ डेव्ह. त्यातूनच 'कोको' हे पात्र जन्माला आले.

४/१५
पुढे १९३२-३३ मध्ये फ्लायशर स्टुडिओने जॅझ गायक कॅब कॅलोवे यांचे नृत्य बेटी बूपच्या लघुपटांत गिरवले. 'मिनी द मूचर'मध्ये त्यांची चाल एका भुताळी वॉलरसला मिळाली. हार्लेमच्या ज्या कॉटन क्लबमध्ये कॅलोवे गात, तेथे प्रेक्षक म्हणून कृष्णवर्णीयांना सहसा प्रवेश नसे. पडद्यावर त्यांची चाल जपली गेली आणि चेहरा भुताच्या मुखवट्याआड गेला. गिरवलेली रेषा साक्ष कशी देते आणि तीच साक्ष कशी झाकते, हे येथे एकाच वेळी दिसते.

५/१५
आता मुख्य विषयाकडे वळू. या कथेचा नायक राल्फ बक्षी. आडनावावरून फसू नका. त्यांचा जन्म १९३८चा, हैफा येथील एका ज्यू कुटुंबातला, आणि बालपण गेले ब्रुकलिनमध्ये. १९७२च्या त्यांच्या 'फ्रिट्झ द कॅट'ला अमेरिकेत 'एक्स' प्रमाणपत्र मिळाले. ॲनिमेशन म्हणजे मुलांचा खाऊ, हा समज तेथे पहिल्यांदा जोराने मोडला.

६/१५
१९७७चा 'विझर्ड्‌स' हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावा असा चित्रपट. अणुयुद्धानंतरच्या पृथ्वीवर एका दुष्ट जादूगाराला जुना प्रक्षेपक आणि नाझी प्रचारफिती सापडतात. त्यांतील दृश्ये रणांगणावर दाखवून तो आपल्या सैन्याला चेतवतो आणि शत्रूला गोठवतो. शस्त्र कोणते? चित्रफीत! प्रचाराच्या ताकदीविषयी इतके थेट विधान त्या काळच्या ॲनिमेशनमध्ये क्वचितच सापडेल.

७/१५
युद्धदृश्यांसाठी पैसे पुरेनात आणि स्टुडिओने वाढीव रक्कम नाकारली. तेव्हा बक्षींनी जुन्या चित्रपटांतील लढाया घेऊन त्यांवर रोटोस्कोपिंग केले. त्यांत आयझेनस्टाइन यांचा 'अलेक्झांडर नेव्हस्की' होता. म्हणजे पाहा: १२४२ची बर्फावरील लढाई १९३८ मध्ये सोव्हिएत रशियाने जर्मनांविरुद्धचा इशारा म्हणून पडद्यावर आणली, १९७७ मध्ये तोच चित्रपट अमेरिकेतल्या कल्पित युद्धाच्या उपयोगी पडला. एकाच रेषेखाली इतिहासाचे तीन थर!

८/१५
हे काटकसरीपोटी झाले, हे खरेच. पण काटकसरीतून आलेली गोष्ट अर्थहीन असते असे कोण म्हणेल? जुनी ताम्रपटाची पत्री घासून तिच्यावर नवे दानपत्र कोरलेले आढळते, तेव्हा आपण दोन्ही लेख वाचण्याची धडपड करतो. 'विझर्ड्‌स'कडेही त्याच नजरेने पाहावे, एवढेच माझे म्हणणे.

९/१५
मग आला १९७८चा 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. चित्रीकरणाचा मोठा भाग स्पेनमध्ये झाला. बक्षींनी सांगितलेली एक हकिकत प्रसिद्ध आहे. तेथील प्रयोगशाळेने फीत धुतली, तर मध्ययुगीन लढाईच्या मागे टेलिफोनच्या तारा आणि मोटारी! असा गलथान चित्रपट बाहेर गेला तर स्पेनमध्ये चित्रीकरणाला कोणी फिरकणार नाही, या भीतीने ती मंडळी फीत जाळायलाच निघाली. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, की तारा गिरवल्या जाणारच नव्हत्या!

१०/१५
हसून सोडून देऊ नका. माझ्या युक्तिवादाचे मर्म याच प्रसंगात आहे. कॅमेरा समोरचे सारे टिपतो. गिरवणारा हात निवडतो. कपड्याची कोणती घडी ठेवायची, बोटांची कोणती हालचाल सोडायची, पापणी किती झुकवायची, हा निर्णय प्रत्येक चौकटीत नव्याने घ्यावा लागतो. शिलालेखाचा ठसा घेताना ओला कागद दगडावर ठोकून बसवतात आणि मग शाई लावतात. तेथेही अक्षर कोणते आणि दगडाची खपली कोणती, हे हातालाच ठरवावे लागते. त्या ठशाला आपण 'नक्कल' म्हणून हिणवत नाही.

११/१५
आक्षेप घेणाऱ्यांचे एक म्हणणे मात्र मला पूर्ण मान्य आहे. निव्वळ गिरवलेली आकृती अनेकदा तरंगते. पाय जमिनीवर टेकल्यासारखे वाटत नाहीत, डोळे निर्जीव दिसतात, रेषा थरथरते. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधील काही युद्धदृश्यांत तर चित्रीकरणालाच गडद छटा देऊन काम भागवले आहे. ती दृश्ये उरलेल्या चित्रपटाशी जुळत नाहीत. माझ्या मते ती फसतात, कारण तेथे हाताने निवड करणे थांबवले. दोष गिरवण्याचा नाही, अर्धवट गिरवण्याचा आहे.

१२/१५
श्रमांचा हिशेब आपण क्वचितच करतो. १९८३चा 'फायर अँड आइस' घ्या. चित्रकार फ्रँक फ्रझेटा यांच्यासोबत बक्षींनी केलेला हा चित्रपट सुमारे ८० मिनिटांचा. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर १,१५,२०० चौकटी होतात. एकेक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी ५७,६०० चित्रे! प्रत्येक चित्र गिरवायचे, पारदर्शक सेलवर उतरवायचे, रंगवायचे. याला 'सोपा मार्ग' म्हणणाऱ्याने एक दिवस तरी काचेपुढे बसून पाहावे.

१३/१५
आता सर्वांत अवघड प्रश्न: देह कोणाचा? १९७८च्या फ्रोडोचा आवाज क्रिस्टोफर गार्ड यांचा, पण ज्या हालचाली गिरवल्या त्या शॅरन बेअर्ड या अभिनेत्रीच्या. चाहत्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे? 'फायर अँड आइस'मध्ये आणि १९८१च्या 'हेवी मेटल'मधील तार्नाच्या कथेत स्त्रीदेहाकडे पाहणारी नजर तर उघडपणे पुरुषी आहे. 'प्रौढांसाठी' या शब्दाचा अर्थ तेथे पुष्कळदा 'कमी वस्त्रांत' एवढाच उरतो. मला हे चित्रपट आवडतात. म्हणून हे न बोलता पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

१४/१५
हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२१ मध्ये 'द स्पाइन ऑफ नाइट' हा चित्रपट पुन्हा हाताने गिरवून केला गेला. दुसरीकडे, आज आपल्या भ्रमणध्वनीतील एखादे ॲप कोणाच्याही नाचाची चित्रफीत क्षणात 'कार्टून' करून देते. निवडणारा हात गेला. नाचणाऱ्याचे नावही बहुधा गेले. नव्वद वर्षांपूर्वी कॅलोवे यांचे नाव निदान शीर्षकात झळकले होते.

१५/१५
लहानपणी आपण सारेच पाटीवर अक्षरे गिरवून लिहायला शिकलो. पाटीवरचा तो 'अ' बाईंनी काढून दिलेला होता, तरी त्यावरून फिरलेला हात आपलाच होता. पुढच्या वेळी असे एखादे दृश्य पाहाल तेव्हा ते गिरवलेले आहे का, एवढ्यावर थांबू नका. कोणी गिरवले, काय गाळले आणि त्या रेषेखाली कोण उभे होते, तेही शोधा. असे एखादे विसरलेले नाव तुम्हाला सापडले, तर खाली अवश्य नोंदवा.
धागा समाप्त.