हजाराचा डबा, तीस हजारांचे मॉनिटर

कानोसा : कानसेन

‘डीएसी घेऊ का, आणि घेतलाच तर कितीचा?’ बारामती-इंदापूर पट्ट्यात घरातल्या एका खोलीत रेकॉर्डिंग करणारी पोरं हे हमखास विचारतात. उत्तर आधीच देऊन टाकतो. घ्या, आणि हजार-दीड हजाराच्या वर जाऊ नका. सात-आठ हजारांच्या डब्यावर डोळा असेल, तर ते पैसे कुठे घालायचे हे खाली सांगतो. ऐकून वाईट वाटेल, कारण त्यातलं काहीच टेबलावर मांडून फोटो काढण्याजोगं नाही.

मुळात या डब्याची गरज का पडते? आपल्याकडचं काम आठवा. आषाढीच्या आधी भजनी मंडळांचे अभंग, लग्नसराईत हळदीची गाणी, कारखान्याची निवडणूक लागली की प्रचारगीतं आणि रिक्षावरच्या घोषणा. गायकाच्या हेडफोनला दोन आउटपुट गेले, बाहेरच्या मिक्सरला दोन गेले, की चार आउटपुटांचा इंटरफेस तिथेच संपतो. मॉनिटर कुठे लावायचे? मग मागच्या बाजूला धूळ खात पडलेला डिजिटल जॅक दिसतो. काहींकडे जुना सेकंडहँड इंटरफेस असतो, त्याचे साधे आउटपुट खरखरतात आणि डिजिटल मात्र ठणठणीत असतो. त्या जॅकमधून आवाज नव्हे, आकडे बाहेर पडतात. मॉनिटरला आकडे कळत नाहीत. आकड्यांचं पुन्हा विजेच्या लाटेत रूपांतर करणारा कन्व्हर्टर म्हणजे हा डीएसी. (स्कार्लेट टू-आय-टू सारख्या सगळ्यात लहान इंटरफेसला डिजिटल जॅकच नसतो. तो असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.)

जॅक दोन तऱ्हेचे. एक गोल, टीव्हीच्या मागे असतो तसा आरसीए. त्याला कोअ‍ॅक्सियल म्हणतात, आणि त्याला ७५ ओहमची केबल लागते. दुसरा चौकोनी, झाकणाचा, आतून लाल उजेड येणारा ऑप्टिकल. हा तोशिबाने १९८३ मध्ये सीडी प्लेयरसाठी आणला. दोन्हींतून जाते ती सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून ठरवलेली एकच भाषा, म्हणजे एस/पीडीआयएफ. मोठ्या यंत्रांना एईएस असतो, एक्सएलआर पिनांचा आणि ११० ओहमचा. तो या स्वस्त डब्यात थेट जात नाही, म्हणून तो इथे सोडून देतो.

ऑप्टिकलमध्ये मात्र एक गोम आहे. त्याच चौकोनी जॅकमधून काही इंटरफेस एस/पीडीआयएफ न पाठवता अ‍ॅडॅट पाठवतात. आठ चॅनेल एकदम, अलेसिस कंपनीच्या टेप-यंत्रांसाठी केलेली ही तऱ्हा. केबल तीच, उजेड तोच, पण डबा गप्प बसतो किंवा कर्कश किंचाळतो. लोक डबा खराब म्हणून परत पाठवतात. इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑप्टिकलसमोर अ‍ॅडॅट निवडलेलं असतं, ते एस/पीडीआयएफ करायचं, एवढंच. काही मॉडेलांत ती सोयच नसते, तिथे गोल जॅक वापरायचा. आणि हो, नव्या ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांवर प्लास्टिकची बारीक टोपी असते. ती काढावी लागते. हसू नका, ती न काढल्यामुळे तासन्‌तास गेलेले आहेत.

आता दर्जाचं बोलू. स्वस्त डब्यांत सीएस ४३४४ सारखी चिप सर्रास सापडते. बनवणाऱ्या कंपनीच्या कागदावर तिची डायनॅमिक रेंज १०५ डेसिबल आहे. सीडीच्या १६ बिटांतून मिळते सुमारे ९६. डब्यातल्या बाकीच्या स्वस्ताईत थोडं गळालं असं धरा, तरी आपल्या खोलीचा हिशोब पाहा. रात्री पंखा बंद केला तरी गावातल्या खोलीत ३०-३५ डेसिबलचा गोंगाट असतोच, आणि मॉनिटर आपण ८५ च्या आसपास वाजवतो. म्हणजे ऐकायला उरतात पन्नासेक डेसिबल. चिपच्या तळाशी काय आहे ते आपल्या कानापर्यंत पोचतच नाही. तरी डब्यावरच्या ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झ’ या अक्षरांवर लोक भाळतात. बारामतीत दोन सामुदायिक रेडिओ आहेत, विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी ९०.४ वर आणि कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी ९०.८ वर. तुमचं गाणं तिथे लागलं, तर एफएमवरून १५ किलोहर्ट्‌झच्या वरचं काहीच जात नाही. १९ किलोहर्ट्‌झवर स्टिरिओचा पायलट सूर बसलेला असतो, त्याला धक्का लागू द्यायचा नसतो. मग १९२ चं काय करायचं? प्रोजेक्ट ४८ वर ठेवा. डबा आलेल्या आकड्यांतूनच आपलं घड्याळ लावून घेतो, त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

‘डब्याने आवाज मागे राहील’ ही भीतीही फोल आहे. उशीर होतो तो एखाद-दुसऱ्या मिलिसेकंदाचा, आणि हवेत आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. खुर्ची हातभर मागे सरकवली की तेवढाच उशीर होतो.

खरा घोळ डब्याच्या पुढे होतो. बहुतेक इंटरफेसवरचं व्हॉल्यूमचं मोठं बटण डिजिटल आउटपुटला लागू नसतं, आणि स्वस्त डब्याला बटणच नसतं. म्हणजे मॉनिटरकडे जाणारा आवाज कायम पूर्ण दाबाने. पहिल्यांदा सुरू करताना मॉनिटरच्या पाठीमागचा नॉब पार खाली घ्या, मग हळूहळू वर आणा. डबा आणि इंटरफेस आधी चालू करायचे, मॉनिटर शेवटी. बंद करताना मॉनिटर आधी. वीज जाते-येते अशा गावात तर लाइट गेली की मॉनिटरचं बटण लगेच बंद करायची सवय लावा. लाइट आल्यावर बसणारा ‘धाड’ ट्वीटरच्या जिवावर उठतो.

दुसरं, पातळी. घरगुती यंत्रांची ठरलेली पातळी ०.३१६ व्होल्ट, व्यावसायिक यंत्रांची १.२३ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ १२ डेसिबलचा फरक. पुष्कळ मॉनिटरांच्या मागे यासाठी ‘+४’ आणि ‘-१०’ असा स्विच असतो. डब्याचा आवाज क्षीण वाटला तर तो -१० वर सरकवा, डब्याला शिव्या देऊ नका. डब्यातून आरसीए निघतं आणि मॉनिटरला एक्सएलआर असतं. ती केबल स्वतः करायची असेल तर दोन तारा आणि जाळी असलेली माइकची वायर घ्या. पिन २ ची तार आरसीएच्या मधल्या टोकाला. पिन ३ ची तार आणि पिन १ ची जाळी आरसीएच्याच बाजूला एकत्र करून बाहेरच्या कड्याला. पुण्यात तपकीर गल्लीत सगळं सामान मिळतं. लांबी दोन-तीन मीटरच्या आत ठेवा.

आणि मग ती घूं. इंदापूर भागातली निम्मी रडगाणी या पन्नास हर्ट्‌झच्या घूंची असतात. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर, मॉनिटर दुसऱ्या बोर्डावर, दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक, आणि त्यात डब्याला फुकटात मिळालेला मोबाइल चार्जर. इथे ऑप्टिकल केबल खरी कामाची. ती काचेची किंवा प्लास्टिकची, तिच्यातून वीज जातच नाही, म्हणून इंटरफेस आणि डबा यांच्यामधला घूंचा रस्ता तुटतो. गोल जॅक आणि चौकोनी जॅक दोन्ही असतील तर मी डोळे मिटून चौकोनी घेतो. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर आणा, डब्याला बरा चार्जर द्या. तरी घूं राहिली तर घराचं अर्थिंग बघा. कोळसा-मीठ घालून केलेला खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडाठाक पडतो, त्यात बादलीभर पाणी ओतलं तरी फरक ऐकू येतो. ते पुरत नसेल तर वायरमनला बोलावून नवीन अर्थिंग करून घ्या. सात-आठ हजारांच्या डब्यातले वाचलेले पैसे इथे घाला, म्हणालो होतो ते यासाठी. प्लगची तिसरी पिन कापून घूं घालवण्याचा जो उपाय काही साउंडवाले सांगतात, तो करणाऱ्याच्या खोलीत मी पाय ठेवत नाही. घूं जाते आणि एखाद्या दिवशी माइक धरलेला माणूसही जाईल.

उरलेले पैसे भिंतींना. निरा डाव्या कालव्याचं पाणी सुटलं किती हे सगळे मोजतात आणि इंदापूरच्या टेलला पोचेपर्यंत वाटेत जिरलं किती हे कुणी मोजत नाही, तसं आपलं डब्याचं आहे. आकड्यांचा आवाज झाला, तो मॉनिटरपर्यंत आला, आणि मग दहा बाय बाराच्या, फरशी घातलेल्या, स्लॅबच्या खोलीत सुटला. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्‌झच्या आसपास आणि दहा फुटांच्या मध्ये ५६ च्या आसपास आवाज घुमतो. मृदंगाच्या कणीक लावलेल्या धुमेचा खालचा नाद याच घुमण्याच्या शेजारी असतो. खुर्ची एका जागी ठेवली तर धूम फुगलेली ऐकू येते, दोन फूट सरकवली तर गायब. तुम्ही ती मिक्समध्ये कमी-जास्त करत बसता, आणि बेलवाडीच्या रिंगणात ट्रॉलीवरच्या स्पीकरवर ते वाजलं की मृदंग एक तर डब्यासारखा नाही तर गाळात रुतल्यासारखा लागतो. हा दोष आठ हजारांच्या डीएसीनेही सुटत नाही. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवुलचे सहा इंच जाड गठ्ठे कापडात शिवून उभे केले की सुटायला लागतो. गोधड्या, वाकळी टांगल्या तर टाळांचा चरचराट कमी होईल, धूम तशीच राहील. अंड्यांचे ट्रे मात्र काढून टाका. आवाजाला त्यांचा उपयोग जवळजवळ नाही आणि पेट घ्यायला ते सगळ्यात पुढे.

मॉनिटर भिंतीला चिकटवू नका, कानाच्या उंचीवर घ्या, आणि दोन मॉनिटर व डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. याला एक रुपया लागत नाही, म्हणूनच बहुधा कुणी करत नाही.

एक सूचना बारामतीच्या दोन्ही वाहिन्यांना. सामुदायिक रेडिओच्या २००६ च्या धोरणात निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेला असावा, असं म्हटलं आहे. ट्रान्समीटर ५० वॅटचा, ऐकणारे आसपासच्या गावांतले. तो कार्यक्रम करणारी पोरं तुमच्याच पट्ट्यात, अशाच खोल्यांत बसलेली आहेत. महिन्यातून एक दुपार स्टुडिओतले मॉनिटर त्यांच्यासाठी मोकळे ठेवा. पेनड्राइव्हवर आपलं मिक्स आणावं, तिथे ऐकावं, मृदंग कुठे फुगला आणि कुठे गेला ते वहीत टिपावं आणि घरी जाऊन दुरुस्त करावं. आषाढीच्या दोन महिने आधी सुरू केलंत, तर यंदाच्या पालखीत काटेवाडीपासून सराटीपर्यंत वाजणाऱ्या अभंगांत तो फरक ऐकू येईल.