वर्तनोपचारकांचे शिक्षण : तास मोजले, काम कोणी पाहिले?

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांबरोबर काम करणाऱ्या साहाय्यकांना अमेरिकेत जे प्रमाणपत्र दिले जाते, त्याच्या नूतनीकरणाचे नियम २०२६ च्या प्रारंभापासून बदलले आहेत. पूर्वी अशा साहाय्यकाला दरवर्षी आपल्या कौशल्याची चाचणी पर्यवेक्षकापुढे द्यावी लागे. आता नूतनीकरण दोन वर्षांनी होईल आणि चाचणीच्या जागी बारा तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण पुरे केल्याचा दाखला चालेल. नियमित देखरेखीची अट कायम आहे, हे खरे. तरीही एका परदेशी प्रमाणन मंडळाने नियमावलीत केलेला हा फेरफार आपल्याकडील वाचकाने दुर्लक्षावा इतका क्षुल्लक नाही. काम पाहून दिलेली मान्यता आणि तास मोजून दिलेली मान्यता यांत अंतर आहे; आणि हेच अंतर आपल्यालाही लवकरच कायद्याच्या भाषेत मांडावे लागणार आहे.

‘उपयोजित वर्तनविश्लेषण’ हे नाव अवजड आहे, पण त्यामागील विचार साधा आहे. माणसाचे वर्तन त्याच्या परिणामांनी घडते. म्हणून शिकवावयाच्या गोष्टीचे लहान लहान टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्यावर यशाची पावती द्यावी, आणि प्रगती झाली की नाही हे अंदाजाने न ठरवता नोंदींवरून ठरवावे. कॅन्सस विद्यापीठातील बेअर, वुल्फ आणि रिस्ली या तिघांनी १९६८ मध्ये या शास्त्राची चौकट मांडली. १९८७ मध्ये लोवास यांचा गाजलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात १९ मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास शिकवले गेले आणि त्यांपैकी ९ मुले सर्वसामान्य शाळेत टिकली, असा दावा करण्यात आला. त्या निष्कर्षावरील वाद अद्याप शमलेला नाही. परंतु या उपचारपद्धतीचा आजचा व्याप ज्या पायावर उभा राहिला, त्यात त्या प्रयोगाचा वाटा मोठा आहे.

याच शास्त्रातील आणखी एक निबंध मला अधिक मोलाचा वाटतो. १९७७ मध्ये स्टोक्स आणि बेअर यांनी दाखवून दिले की, पुष्कळदा मुलाला उपचाराच्या खोलीत एखादे कौशल्य शिकवले जाते आणि ते घरी, शाळेत, रस्त्यावर आपोआप उतरेल अशी केवळ आशा बाळगली जाते. या पद्धतीला त्यांनी ‘शिकवा आणि आशा बाळगा’ अशा अर्थाचे बोचरे नाव दिले. निबंधाचा रोख मुलांच्या शिक्षणावर होता. पण आज तो मुलांना शिकवणाऱ्यांच्या शिक्षणाला तंतोतंत लागू पडतो. व्याख्यान ऐकून कौशल्य येत नाही; सांगणे, करून दाखवणे, करवून घेणे आणि तिथल्या तिथे चूक दुरुस्त करणे या चार पायऱ्या लागतात, हे या शास्त्राने स्वतःच वारंवार सिद्ध केले आहे. आणि त्याच शास्त्राचे व्यावसायिक आपले ज्ञान ताजे ठेवण्यासाठी बहुतांशी काय करतात? पडद्यासमोर बसून व्याख्यान ऐकतात, शेवटी चार प्रश्नांची उत्तरे देतात आणि गुण पदरात पाडून घेतात.

आम्हा प्राध्यापकांनी यावर हसू नये. पदोन्नतीसाठी मीही उजळणीवर्ग केलेले आहेत. त्यांतील काही व्याख्याने खरोखरच चांगली होती. पण परतल्यानंतर माझ्या वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून, मी आता वेगळे शिकवतो की नाही, हे पाहण्यास कोणी आल्याचे मला स्मरत नाही.

अमेरिकेत असे का झाले, याचे उत्तर मानसशास्त्रात कमी आणि अर्थशास्त्रात अधिक सापडते. तेथील प्रमाणन मंडळ, म्हणजे बिहेवियर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड, १९९८ मध्ये स्थापन झाले. पुढे एकेका राज्याने स्वमग्नतेवरील उपचार विम्यात समाविष्ट करणारे कायदे केले आणि २०१९ पर्यंत सर्व ५० राज्ये त्यात आली. गरिबांसाठीच्या सरकारी मेडिकेड योजनेनेही २०१४ नंतर हे दार उघडले. दुसऱ्या बाजूला निदानाचे प्रमाण वाढत गेले. आठ वर्षांच्या मुलांत २००० साली १५० मागे एक असलेले हे प्रमाण २०२२ च्या पाहणीत ३१ मागे एकावर आले. मागणीला अशी भरती आली की पुरवठा कोठून तरी करावाच लागतो. तो कनिष्ठ पातळीवर केला गेला. पदव्युत्तर शिक्षण आणि पंधराशे ते दोन हजार तासांचे पर्यवेक्षित काम मागे असलेले विश्लेषक आज सत्तर हजारांहून अधिक आहेत. त्यांच्या हाताखालील नोंदणीकृत साहाय्यकांची संख्या मात्र त्याच्या दुपटीहून अधिक आहे. साहाय्यकांचे हे पद २०१४ मध्ये निर्माण झाले. त्यासाठी शालान्त शिक्षण, ४० तासांचे प्रशिक्षण, एक कौशल्यचाचणी आणि एक परीक्षा पुरते. लोवास यांच्या प्रयोगात मुलाला एका आठवड्यात जेवढे तास शिकवले गेले, तेवढ्या तासांत त्याला शिकवणारा तयार होतो!

ज्येष्ठ विश्लेषकाला दर दोन वर्षांनी ३२ तासांचे निरंतर शिक्षण घ्यावे लागते आणि त्यांपैकी ४ तास व्यावसायिक नीतीचे असतात. अट वाजवी आहे. प्रश्न असा की, या तासांत खरे शिकण्याची किंमत कोण मोजणार? विम्याकडून मोबदला पंधरा-पंधरा मिनिटांच्या मापाने मिळतो, आणि तोही मुलाला दिलेल्या सेवेचा. ज्येष्ठाने कनिष्ठाला बाजूला घेऊन अर्धा तास समजावले, सराव करून घेतला, तर त्या वेळेचे बिल सामान्यतः कोणालाच लावता येत नाही. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडलेला सिद्धान्त येथे आठवतो. जे कौशल्य दुसऱ्या मालकाकडेही तितकेच उपयोगी पडते, त्याच्या शिक्षणाचा खर्च मालक आपणहून करीत नाही. तो कामगाराच्या माथी जातो. येथील कामगार तासाच्या मजुरीवर राबणारा, बहुधा तरुण आणि वर्ष-दोन वर्षांत काम सोडून जाणारा. त्याच्यावर खर्च करावा असे मालकाला वाटत नाही, आणि स्वतः करण्याची त्याची ऐपत नसते. मग दोघांनाही परवडणारी वस्तू बाजारात येते. ती म्हणजे स्वस्त, झटपट, घरबसल्या मिळणारा प्रशिक्षणाचा तास.

या बाजारात मोठे भांडवलही उतरले. ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने २०१८ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या उपचारकेंद्रसाखळ्यांपैकी एक विकत घेतली. जून २०२३ मध्ये त्या साखळीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि पुढे तिच्या मूळ संस्थापिकेनेच तिचा बराचसा भाग परत घेतला. मधल्या काळात अनेक केंद्रे बंद झाली आणि ज्या मुलांना माणूस बदलला तरी दिवस जड जातो, त्यांचे शिक्षकच नाहीसे झाले. डिसेंबर २०२४ मध्ये संघराज्याच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी इंडियाना राज्याच्या मेडिकेड खर्चाची तपासणी प्रसिद्ध केली. २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत या उपचारांपोटी किमान ५ कोटी ६० लाख डॉलर नियमबाह्य रीतीने दिले गेले, असा तिचा निष्कर्ष आहे. सत्रांच्या नोंदी अपुऱ्या होत्या, हा त्यातील एक मुख्य आक्षेप. ज्या शास्त्राचा प्राणच नोंद आहे, त्याच्यावर यावा असा हा आक्षेप नव्हे.

प्रशिक्षण हा केवळ कौशल्याचा प्रश्न असता तर मी इतका आग्रह धरला नसता. पण या पद्धतीच्या इतिहासात काळी पाने आहेत. शिक्षेचा, क्वचित वेदनेचाही वापर झाला. मॅसॅच्युसेट्समधील एका संस्थेत विजेचे धक्के देण्याची प्रथा इतकी टिकली की, २०२० मध्ये औषध प्रशासनाने घातलेली बंदी न्यायालयात २०२१ मध्ये रद्द झाली आणि पुन्हा बंदीचा मार्ग मोकळा करण्यासाठी २०२२ च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसला कायदा दुरुस्त करावा लागला. हे टोकाचे उदाहरण झाले. रोजच्या व्यवहारातील उदाहरण अधिक बोलके आहे. अस्वस्थ झालेले मूल हात फडफडवते आणि शिक्षक ते हात खाली दाबून धरतो. आज प्रौढ झालेली अनेक स्वमग्न माणसे सांगतात की, त्या फडफडण्याने आम्हाला शांत वाटत होते. तुम्ही आम्हाला शांत बसायला शिकवले, शांत व्हायला नव्हे. २०२२ पासून लागू झालेल्या नीतिसंहितेत मुलाच्या संमतीला आणि हिताला पूर्वीपेक्षा अधिक स्थान आहे. परंतु दहा वर्षांपूर्वी हात दाबायला शिकलेल्या माणसाने व्याख्यान ऐकून ते सोडले की नाही, हे खोलीत बसून पाहिल्याशिवाय कसे कळावे?

आता आपल्याकडे वळू. काही महिन्यांपूर्वी मानसशास्त्र घेऊन पदवीधर झालेली माझी एक माजी विद्यार्थिनी शिफारसपत्रासाठी घरी आली होती. पुण्यातील एका उपचारकेंद्रात ती चार वर्षे काम करते. तिच्या पिशवीत अकरा प्रमाणपत्रे होती. एक परदेशी संस्थेचे, बाकीची आंतरजालावरील कार्यशाळांची. त्यांच्या शुल्कापायी तिचे दोन महिन्यांचे वेतन गेले होते. मी कौतुक केले. ती म्हणाली, ‘‘सर, पण या अकरांपैकी एकासाठीही मला मुलाबरोबर काम करताना कोणी पाहिलेले नाही.’’

तिने परदेशी संस्थेकडे का वळावे, यालाही कारण आहे. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी मंडळाने २०१९ मध्ये घोषणा करून १ जानेवारी २०२३ पासून मोजके देश वगळता इतर देशांतील नवे अर्ज घेणे थांबवले. भारतासाठी ते दार बंद झाले. ती पोकळी भरण्यास इतर आंतरराष्ट्रीय संस्था पुढे आल्या. त्यांतील काही गंभीरपणे काम करणाऱ्या असतीलही. पण पालकाने ते कसे ओळखावे? भिंतीवरील चौकटीत लावलेली सर्व प्रमाणपत्रे त्याला सारखीच सोनेरी दिसतात. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे सांगितले, तेच येथे घडते. चांगल्या-वाइटाचा भेद ग्राहकाला करता येत नसेल, तर चांगल्याला योग्य किंमत मिळत नाही आणि ते बाजारातून उठते. आपल्या विद्यार्थिनीसारखी माणसे मग बँकेच्या परीक्षेला बसतात.

देशात कायद्याची चौकट अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय पुनर्वास परिषद विशेष शिक्षक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आदींची नोंदणी करते आणि नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षणाचे गुण मागते. हे गुणही प्रामुख्याने परिसंवाद आणि कार्यशाळांतील उपस्थितीवर मिळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला २१ दिव्यांगत्वांत स्थान दिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात ‘वर्तनविश्लेषक’ हा व्यवसाय नाव घेऊन नोंदला आहे. या कायद्यानुसार संलग्न व्यावसायिकाचे शिक्षण किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाचे किमान ३,६०० तासांचे हवे. अमेरिकेतील ४० तासांच्या शेजारी हे आकडे ठेवले म्हणजे आपल्या कायद्याची महत्त्वाकांक्षा लक्षात येते. पण पदवी मिळाल्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांचे काय, हा प्रश्न नियम करणाऱ्यांपुढे आहे, आणि तेथे परिसंवादांच्या गुणांची जुनी तक्ती उचलून लावण्याचा मोह फार मोठा असेल.

खर्च परवडणार नाही, अशी सबब पुढे केली जाईल. तिचा हिशेब मांडून पाहू. उदाहरणादाखल समजा, एखादे केंद्र पालकांकडून तासाला ८०० रुपये घेते आणि ज्येष्ठ विश्लेषकाचा तास १,५०० रुपयांना पडतो. शंभर तासांच्या कामामागे पाच तास ज्येष्ठाने खोलीत बसून, किंवा पालकांच्या संमतीने घेतलेले चित्रण पाहून, साहाय्यकाचे काम तपासले, तर खर्च ७,५०० रुपये येतो. म्हणजे तासामागे ७५ रुपये, शुल्काच्या दहा टक्क्यांहूनही कमी. आज अनेक पालक वाया गेलेल्या तासांपोटी याहून अधिक भरतात. ज्येष्ठ माणसे पुण्या-मुंबईत एकवटलेली आहेत, ही अडचण खरी आहे. लातूर किंवा गडचिरोलीच्या केंद्रात दर पंधरवड्याला कोण जाणार? तेथे चित्रणाचा उपयोग करता येईल. शिवाय तपासणीचा तक्ता मराठीत असला, तर तो आईवडीलही भरू शकतील. मुलाच्या घरी काय उतरले, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असते?

राहिला प्रश्न हे ७५ रुपये कोणी द्यावेत याचा. सगळे पालकांवर टाकले तर गरीब पालक पुन्हा बिनतपासणीच्या केंद्राकडे जातील. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना स्वमग्न व्यक्तींना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते आणि त्यात उपचारसत्रांसाठी काही मर्यादित रक्कम राखलेली आहे. त्या रकमेला देखरेखीचा वेगळा, लहानसा हिस्सा जोडावा, आणि ज्या केंद्रात सत्रे प्रत्यक्ष पाहिल्याच्या नोंदी असतील त्यालाच तो द्यावा. एवढ्यासाठी नवा कायदा लागणार नाही. योजनेच्या नियमांत फेरफार पुरेल.