हुंकाराला ओ

सकाळचे दहा वाजले आहेत. घरातील पुरुषमंडळी दुकानी गेली आहेत. दोन वर्षांचे बालक सतरंजीवर बसले आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. समोर आई रंगीत ठोकळे घेऊन बसली आहे. "हा लाल. म्हण, लाल. इकडे बघ. आता हा यावर ठेव." बालकाचे मन मात्र जवळच्या स्टीलच्या वाटीत गुंतले आहे. ते वाटी उचलून फरशीवर वाजवते. आई वाटी दूर सारते आणि ठोकळा पुढे करते. चार-पाच वेळा असे झाल्यावर बालक मागे रेलते आणि गप्प होते. "याचे लक्षच लागत नाही," आई खिन्नपणे म्हणते.

वाचकहो, असे दृश्य अनेक घरांत दिसते. त्या मातेच्या वात्सल्याविषयी शंका नाही. मूल मागे पडेल या धास्तीनेच ती दिवसभर शिकवीत असते. प्रश्न एवढाच, की बालकाने वाटी वाजवून जे सांगितले, त्याला ओ कोणी दिली?

अमेरिकेतील संशोधक जेराल्ड महोनी यांनी या प्रश्नाचा दीर्घकाळ अभ्यास केला. 1985 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी बौद्धिक विकासात मागे असलेली एक ते तीन वर्षांची 60 बालके आपल्या मातांसह कशी खेळतात, याचे निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्या माता बालकाच्या आवडीच्या मागे जात, त्याच्या कृतीला प्रतिसाद देत, त्यांच्या बालकांचा विकास अधिक आढळला. सतत सूचना देणाऱ्या मातांच्या बालकांचा कमी. पुढे 1998 मध्ये चार उपचार-उपक्रमांची माहिती पुन्हा तपासताना असे दिसले, की जेथे आईचा प्रतिसाद वाढला तेथेच बालकाच्या प्रगतीत फरक पडला.

याचे कारण समजण्यासारखे आहे. अशा बालकांचे संकेत क्षीण असतात आणि उशिरा येतात. त्या शांततेने आपण अस्वस्थ होतो आणि मुलाची पाळी आपणच खेळून टाकतो. आपल्या करण्याने काही घडते, हा अनुभवच मग त्याला मिळत नाही.

कधी संकेत भलत्याच ठिकाणी असतो. सेल्मा फ्रायबर्ग यांनी अंध तान्ह्या मुलांचा अभ्यास केला. ही मुले आईच्या हाकेला हसून पाहत नाहीत. तिचा आवाज ऐकताच कित्येकदा निश्चल होतात. आईला वाटते, मुलाला आपली ओढ नाही. वास्तविक ते कान देऊन ऐकत असते. फ्रायबर्ग यांनी मातांना चेहऱ्याऐवजी हात वाचायला शिकविले, कारण चेहऱ्यावर न उमटणारी उत्सुकता बोटांत उमटत होती.

आपण व्यापारी माणसे. गिऱ्हाईक दुकानात येताच आपण सारी ठाणे त्याच्यापुढे उलगडत नाही. त्याची नजर कोठे ठरते ते पाहतो, त्याला बोलू देतो, मगच माल काढतो. हीच जाण घरी आणावी. बालकाने वाटी वाजविली, तर आपणही दुसरी वाटी घेऊन तशीच वाजवावी आणि थांबावे. मनात पाचपर्यंत मोजावे. ते पुन्हा वाजवील, कदाचित आपल्याकडे पाहील, एखादा हुंकार देईल. त्या हुंकाराला हुंकार द्यावा, मग त्यात "वाटी" हा एक शब्द जोडावा. जेवण, स्नान, कपडे घालणे या नित्याच्या वेळा यासाठी पुरेशा आहेत. महागडी खेळणी लागत नाहीत.

यामुळे वैद्य, फिजिओथेरपी वा वाचोपचार यांची गरज संपत नाही. ते अवश्य करावेत. मुलाचे अपंगत्व पालकांच्या वागण्यातून आलेले नाही, हेही ध्यानी असावे. डाऊन सिंड्रोम हा एका अधिकच्या गुणसूत्रामुळे होतो. त्यासाठी मातेला दोष देणे हा अन्याय आहे. परंतु उपचारांचे तास आठवड्यात मोजके आणि घरातील तास पुष्कळ. ते सारे एकट्या आईवर सोपविणे योग्य नव्हे. आजी-आजोबांनी वाट पाहण्याची ही रीत शिकून घ्यावी. रात्री दुकान वाढवून आलेल्या पित्यानेही मोबाईल बाजूला ठेवून थोडा वेळ सतरंजीवर बसावे. काही शिकवू नये. मुलाचे हात काय करीत आहेत, ते पाहावे.

आपली हाक कोणाला तरी ऐकू येते, हे कळलेले मूल पुन्हा हाक मारते. बोलणे तेथूनच सुरू होते.