शिकवणाऱ्याने काय गाळले?

जर्मनीतल्या येना शहरात आमच्या छोट्या भारतीय गटात मुलांना बायबल शिकवायचे काम माझ्याकडे आहे. मत्तयाचे शुभवर्तमान उघडले की पहिल्यांदा लागते ती येशूची वंशावळ: अब्राहाम, इसहाक, याकोब. मुलांना कंटाळा येतो, पण मी ती गाळत नाही.

कारण येशू यहुदी होता, हे ती सांगते. आणि याच शहराच्या विद्यापीठात वाल्टर ग्रुंडमान नव्या कराराचे प्राध्यापक होते. १९३९ मध्ये, नाझी राजवटीत, आयझेनाखला चर्चमधला यहुदी प्रभाव पुसून टाकण्यासाठी संस्था निघाली. तिची वैचारिक धुरा त्यांच्याकडे होती. पुढच्याच वर्षी संस्थेने यहुदी संदर्भ काढून टाकलेला नवा करार छापला. येशू यहुदी नसावा, असे ग्रुंडमान यांनी पुस्तक लिहून मांडले. मूळ ग्रीक वाचू शकणारा हा माणूस. अज्ञानाची सबब त्यांना नव्हती. सत्तेला हवे तेवढेच त्यांनी शास्त्रात ठेवले. युद्धानंतर प्राध्यापकी गेली, तरी पूर्व जर्मनीत ते पुन्हा चर्चसाठी शिकवू लागले.

आपल्याकडे केडगावच्या पंडिता रमाबाई बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत त्या कामाला जुंपून राहिल्या. विद्वत्ता दोघांकडेही होती. फरक हेतूचा होता.

गैरसोयीची ओळ वगळणारा शिक्षक शास्त्र नव्हे, स्वतःचे मत शिकवतो. म्हणून पालकांनो, मुलांना काय शिकवले एवढेच विचारू नका. काय गाळले, तेही विचारा. मलासुद्धा.