चाकांवरच्या घरातला पाहुणा

‘अतिथी’ या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, ही सर्वांच्या परिचयाची. दुसरी ‘अत्’ या धातूपासूनची. अत् म्हणजे चालत राहणे, भटकणे; तेव्हा जो भटकत असतो तो अतिथी. दोन्ही व्युत्पत्तींमागे एक गृहीत आहे, ते म्हणजे यजमान जागेवर असतो. तो स्वतःच चाकांवर राहत असेल तर दोघांपैकी अतिथी कोणाला म्हणावे? अमेरिकेत जे लोक घर मोडून बारमाही आर.व्ही.मध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोटारीत वा ट्रेलरमध्ये, राहतात त्यांच्या संदर्भात हा प्रश्न खराखुरा आहे. या जीवनावरच्या लेखनाने तो पुरेसा विचारलेला नाही, असे आमचे मत आहे.

प्रसंग साधाच आहे. निवृत्त मावशी आर.व्ही.मध्ये राहते. भाची, तिचा नवरा आणि दोन मुले तिच्याकडे येतात. गाडीची रुंदी रस्त्याच्या नियमांमुळे साडेआठ फुटांच्या आत ठेवावी लागते. मुक्कामी भिंतीचा एखादा भाग बाहेर सरकवून थोडी जागा वाढवता येते, इतकेच. जेवणाचे टेबल खाली उतरवून त्यावर गाद्या पसरल्या की मुलांचा बिछाना होतो. म्हणजे मुले उठेपर्यंत न्याहारीला टेबल नाही. नळजोडणी नसलेल्या ठिकाणी सारी भिस्त गाडीच्या टाकीवर, आणि ताजे पाणी संपण्याइतकीच सांडपाण्याची टाकी भरण्याचीही चिंता. अशा वेळी ‘मन मोठे असले की जागा पुरते’ असे आपण सहज म्हणतो. आम्हांला हे वाक्य फसवे वाटते. मन कितीही मोठे असले तरी टाकी तेवढीच राहते. शिवाय दोन दिवसांच्या पाहुण्यांची ही अडचण हसतखेळत निभावते. खरी कसोटी लागते ती भाचीचे भाड्याचे घर सुटले आहे आणि परतीची तारीख कोणालाच सांगता येत नाही, तेव्हा.

या दृष्टीने प्रसिद्ध ग्रंथांकडे पाहावे. जॉन स्टाइनबेकने १९६० साली ट्रकवर बांधलेल्या घरातून अमेरिकाभर प्रवास केला आणि १९६२ साली ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ प्रसिद्ध केले. त्यातला किती भाग घडलेला आणि किती रचलेला, यावर पुढे वाद झाले. पण आमच्या मुद्द्याला रचलेला प्रसंगही चालेल. मेन राज्यात बटाट्याच्या काढणीसाठी कॅनडातून आलेल्या एका मजूर कुटुंबाला तो आपल्या गाडीत बोलावतो. सगळे दाटीवाटीने बसतात आणि तो त्यांच्यासाठी जपून ठेवलेली कोन्याक काढतो. आतिथ्याचे हे चित्र मनोहर आहे. परंतु तो तसा यजमान होऊ शकतो, कारण सॅग हार्बरला त्याचे घर शाबूत आहे आणि पाहुणेही रात्री उठून आपल्या मुक्कामी जाणार आहेत. ‘राहा’ असे म्हणण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’मधील (२०१७) लिंडा मे ही आजी ज्या ट्रेलरमध्ये राहते तो जेमतेम दहा फूट लांब आहे. त्याचे नाव ‘स्क्वीझ इन’. त्यात ‘दाटीवाटीने आत या’ हे आमंत्रण आहे आणि उच्चारसाम्याने ‘सराय’ही आहे. चाकांवरच्या आयुष्यात येण्यापूर्वी लिंडा मुलीच्या कुटुंबासोबत भरल्या घरात राहत होती. ज्या स्त्रीने नातलगांच्या घरातली दाटी अनुभवली, तिच्या गाडीचे नाव हे असावे, यातला विनोद सहजी हसण्यासारखा नाही. क्लोई झाओ यांच्या त्याच नावाच्या चित्रपटात (२०२०) नायिका फर्न ही मित्राच्या मुलाच्या प्रशस्त घरी पाहुणी म्हणून जाते, पण तिथल्या बिछान्यात तिला झोप येत नाही आणि ती आपल्या व्हॅनमध्ये परतते. इथे भटकी व्यक्ती पाहुणी आहे आणि पाहुणचार नाकारणे हे तिच्या स्वातंत्र्याचे लक्षण ठरते. तो नाकारता येतो, कारण फर्न एकटी आहे. तिच्या जागी दोन लेकरांची आई असती, तर तिने तो बिछाना सोडला असता का?

साहित्यात जे धूसर राहिले, ते कायद्याने मात्र नेमके टिपले आहे. बेघर मुलांच्या शिक्षणासंबंधीच्या अमेरिकेतल्या मॅककिनी-व्हेंटो कायद्यात (१९८७, पुढे सुधारित) निवारा गमावल्यामुळे वा आर्थिक अडचणीमुळे दुसऱ्यांच्या घरी राहणारी मुले बेघर मानली जातात. दुसरी योग्य सोय नसल्याने ट्रेलर पार्कमध्ये वा तळावर राहणारी मुलेही त्यात येतात. कागदपत्रे नसली तरी त्यांना शाळेत तत्काळ प्रवेश द्यावा लागतो. म्हणजे एकाच गाडीत, एकाच छपराखाली, मावशी ‘निवृत्त प्रवासी’ आणि टेबलाच्या बिछान्यावर झोपलेली नात ‘बेघर’. गाडी तीच, पण एकीने ती निवडली आहे आणि दुसरीवर ती आली आहे. रस्त्याच्या साहित्याने या गाडीला स्वातंत्र्याचे प्रतीक केले, तेव्हा ही दुसरी नजर त्याच्या हिशेबात नव्हती.

मराठी वाचकाला इथे मुंबईची चाळ आठवेल. दहा बाय बाराच्या खोलीत गावाकडचा भाचा शिक्षणासाठी येऊन वर्षानुवर्षे राहिला, तिथे एवढी गाडी का पुरू नये? आमच्या मते हे साम्य वरवरचे आहे. चाळीत जागा अपुरी असली तरी मुदत अपुरी नव्हती. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूचे पाय जमिनीत रोवले होते. त्या खात्रीतला वाटा तो भाच्याला देऊ शकत होता. आर.व्ही.मधल्या मावशीकडे ही खात्रीच नाही. खाजगी तळांवर एका जागेत किती माणसे राहतील आणि पाहुण्यांचे जादा पैसे किती, हे तळाचा मालक ठरवतो. पश्चिमेकडच्या सरकारी मोकळ्या जमिनीवर सर्वसाधारणपणे २८ दिवसांच्या अवधीत १४ दिवसच मुक्काम करता येतो. पंधराव्या दिवशी तिला स्वतःलाच उठायचे असते. मुलीची शाळा मात्र जागेवर असते.

यावर असा आक्षेप येईल की, ज्यांनी जन्मभर संसार ओढून अखेर घर मोडले, त्यांच्यावर पुन्हा गोतावळ्याचे ओझे का टाकावे? आक्षेप रास्त आहे, आणि मावशीने नकार दिला तर तिला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. आमचे म्हणणे ग्रंथांविषयी आहे. पाहुणा आत घेणे सोपे असते. त्याला ठेवून घेण्यासाठी यजमानाच्या पायांखाली काही दिवस तरी न हलणारी भूमी लागते. ती कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, यावरून स्वातंत्र्याची किंमत कळते. म्हणून प्रवासवर्णने आणि भटक्या जीवनावरच्या कृती शिकवताना नायक किती मैल हिंडला याबरोबर आणखी एक प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे आम्ही सुचवतो: त्याच्या दारी त्याचीच भाची मुलांना घेऊन आली, तर तो तिला किती दिवस राहा म्हणू शकेल?