वेष्टन कंपनीचे, कचरा कोल्हापूरचा

पंचगंगेचा पूर ओसरला की काठच्या झाडाझुडपांना प्लॅस्टिक लटकलेले दिसते. त्यात वेफर्सची पाकिटे असतात, शाम्पूच्या पुड्या असतात आणि राज्यात २०१२ पासून बंदी असलेल्या गुटख्याच्याही पुड्या असतात. हे नेमके मागे का उरते, याचे उत्तर भंगाराच्या दुकानात मिळते. पाण्याच्या बाटलीला तिथे भाव आहे. दुधाची पिशवी पॉलिथिन या एकाच जातीच्या प्लॅस्टिकची, म्हणून तिलाही गिऱ्हाईक आहे. वेफर्सच्या पाकिटात मात्र वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही. मग दिवसभर उन्हात फिरणारी कचरावेचक बाई त्यासाठी कशाला वाकेल?

ही अडचण वेष्टन निवडणाऱ्याने निर्माण केली आहे, हे कायद्यालाही मान्य आहे. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनुसार उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक यांच्यावर बाजारात आणलेल्या प्लॅस्टिक वेष्टनांची जबाबदारी आहे. २०२३-२४ पासून ती शंभर टक्के झाली. बहुथरी वेष्टनांपैकी किमान ३० टक्क्यांवर २०२४-२५ मध्ये पुनर्प्रक्रिया व्हायला हवी होती. २०२७-२८ पर्यंत हे प्रमाण ६० टक्क्यांवर न्यायचे आहे.

कागदावर हे चोख आहे. पण कोल्हापुरात विकलेली पुडी कोल्हापुरातूनच उचलली पाहिजे, असे बंधन नाही. दुसऱ्या राज्यातील कारखान्याने तितक्याच वजनाच्या प्लॅस्टिकवर प्रक्रिया केली आणि कंपनीने त्याचे प्रमाणपत्र विकत घेतले की हिशेब पुरा. त्या प्रमाणपत्रांचीही खात्री किती? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत २०२३ मध्ये सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे सापडली होती. इकडे कसबा बावड्यातील ढिगाचा खर्च महापालिकेच्या, म्हणजे घरफाळा भरणाऱ्यांच्या माथी राहतो.

खर्च पैशांपुरता असता तरी एक वेळ चालले असते. गटार तुंबले की पाणी साचते आणि डासांची सोय होते. न उचललेला कचरा कोपऱ्यात पेटवला जातो. त्यात पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक असेल, तर कमी तापमानाच्या त्या आगीतून डायॉक्सिनसारखी घातक रसायने धुरात मिसळतात. काठाला लटकलेले प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होऊन त्याचे सूक्ष्म कण पुन्हा नदीतच जातात आणि पुढे शिरोळ तालुक्यापर्यंत पोहोचतात.

म्हणून कंपन्यांकडून प्रमाणपत्रांबरोबर जिल्हानिहाय हिशेब मागायला हवा: किती विकले, किती उचलले आणि वेचणाऱ्याला किलोमागे काय दिले. बिनभावाच्या पुडीला भाव देणे हाच या जबाबदारीचा खरा अर्थ. तो पैसा महिलांच्या हाती पडला, तर पुडी रस्त्यावर राहणार नाही.

सुरुवात सोप्या टोकापासूनही करता येईल. राज्य सरकारने २०१८ मध्ये दुधाच्या पिशवीसाठी ५० पैसे परताव्याची तरतूद केली होती. तिची आठवण आज किती दुकानदारांना आहे? कोल्हापूर हा दुधाचा जिल्हा. पहाटे दूध टाकून गेलेली गाडी रिकामे क्रेट घेऊन परत फिरतेच. त्याच क्रेटमध्ये धुतलेल्या रिकाम्या पिशव्या बसतील.